छबूछाप

नळजोडणी विभागात हेडक्लार्क म्हणून मला एकवीस वर्षं झाली. परिपत्रकाने सुटणार नाही असा प्रश्न अजून माझ्यासमोर आलेला नाही! म्हणून तर बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "अगं, रडू नकोस. सोमवारपासून तो शब्द बंद!"

शब्द होता 'छबूछाप'.

छबू म्हणजे माझी बायको. घरातलं लाडाचं नाव, तेच तिने पुस्तकावर घातलं. कादंबरी अशा एका गावाची, जिथे हसण्याआधी अर्ज करावा लागतो आणि त्यावर शेजाऱ्याची सही लागते. काय लिहिलंय म्हणून सांगू! वाचताना मी तीनदा उठून दार नीट लावलंय का ते बघून आलो. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. मग कुठे मुस्कटदाबी दिसली की म्हणायला लागले, "काय हा छबूछाप कारभार!" अग्रलेखात छबूछाप कायदा आला. शाळेतली पोरं हेडमास्तरांना छबूछाप म्हणू लागली.

मला तर सदरा घट्ट व्हायला लागला! आपल्या बायकोच्या नावाने आख्खी भाषा बोलते, हे काय खायचं काम आहे? पण सासूबाईंनी फोनवर गळा काढला, "माझ्या पोरीने कधी मुंगी मारली नाही, आणि जुलमाला तिचं नाव?" बायकोने ते मनाला लावून घेतलं. दुसरी कादंबरी नवव्या पानावर थांबली. "अहो, आता लिहायचंच नाही मला," म्हणाली आणि वही कपाटात टाकली. ते काही मला बघवेना.

सोमवारी साडेदहाला परिपत्रक लावलं: 'कार्यालयात सदर शब्द उच्चारण्यास सक्त मनाई आहे.'

टायपिस्टबाईंनी विचारलं, "साहेब, सदर म्हणजे कुठला?"

"तो लिहिता येणार नाही. मनाई आहे ना!"

"मग लोकांना कळणार कसा?"

बाई हुशार! मी एकेकाला बोलावून कानात सांगितला. ज्यांनी तो कधी ऐकलाही नव्हता, ते दुपारपर्यंत जिन्यात उभे राहून तोच म्हणत होते.

मंगळवारी शिपाईकाकांना कान देऊन बसायला सांगितलं. काकांना ऐकू येतं कमी. उगाच कोणी सुटायला नको म्हणून त्यांनी सगळ्यांचीच नावं लिहून आणली, माझ्यासकट! मग काकांवर लक्ष ठेवायला टायपिस्टबाईंना नेमलं.

बुधवारी लोक शब्दाऐवजी माझ्याकडे बघून नुसते खोकायला लागले. मी काय कमी आहे? पुरवणी परिपत्रक काढलं: खरा खोकला असल्यास अर्ज करावा, शेजारच्या टेबलाच्या सहीसह.

गुरुवारी दोन्ही परिपत्रकं पेपरात! वर मथळा: 'याहून छबूछाप ते काय?' शुक्रवारी शब्दकोशाचे संपादक स्वतः कार्यालयाच्या दारात हजर.

"हा शब्द कोशात घेतोय," ते हात जोडून म्हणाले. "चांगलं उदाहरण मिळत नव्हतं. आता मिळालं. खाली सही आपलीच ना?"

बायकोचं नाव वाचवायला निघालो आणि कायमचं छापून आलो! घरी पोचलो तर तिच्या हातात कालचा पेपर, तोंड त्याच्यामागे, आणि खांदे गदगदा हलतायत.

"अगं, चुकलं माझं... आता शब्दकोशातही उदाहरण म्हणून माझंच परिपत्रक येणार!"

पेपर खाली आला. बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अहो, खोकायला खरंच अर्ज?"

"दोन प्रतींत," मी पुटपुटलो.

"आईला कळवते. नाव माझं, पण जुलूम कोणाचा ते आता कोशातच येणार म्हणावं!" आणि कपाटातून वही काढून तिने दहावं पान सुरू केलं. मला इतका आनंद झाला की चहा मीच टाकला.

"नायक कोण आहे?" कप ठेवताना विचारलं.

"नायक अजून सुचला नाही. हेडक्लार्क आहे एक."

काल चोरून वाचलं. काय लिहिलंय हो, हात जोडावेत असं! फक्त तो हेडक्लार्क जरा अति वाटतो. असा माणूस खरा कुठे असतो का?