शिवणाच्या बाईंची आवक

शाळेत संगणक एक होता आणि कर्मचारी अठ्ठावीस होते. प्रत्येक कर्मचाऱ्याने दररोज आपली ईमेल तपासून नोंदवहीत सही करावी, असं परिपत्रक निघालं. ते कागदावर छापून फळ्याशेजारी लावण्यात आलं, कारण ईमेलने पाठवलं असतं तर कोणी वाचलंच नसतं. माणशी चार मिनिटं ठरली.

नवशिक्यांसाठी संगणकाच्या सरांनी वर्ग घेतला. पहिल्या धड्यात खुर्चीवर बसणं झालं, दुसऱ्यात माउस धरणं. तिसऱ्या धड्यात सरांनी बजावलं, की पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. मग सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून घेतले आणि ती वही हरवू नये म्हणून संगणकाशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधली. चौथा धडा ‘मेलमधून बाहेर कसे पडावे’ हा होता. पण त्याच दिवशी प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल पाठवायचा असल्याने तो राहून गेला.

प्रात्यक्षिकाचा मान सेवाज्येष्ठतेनुसार शिवणाच्या बाईंना मिळाला. बाईंनी तीस वर्षं मुलींना काजं-बटणं शिकवली होती. त्यांचा टाका कधी वाकडा गेला नव्हता, पण माउस मात्र टेबलावरून सारखा घसरत होता. सरांनी त्यांची मेल उघडून दिली. आत एकच पत्र होतं. सहा वर्षं अबोला धरलेल्या दादाचं.

“आईचं शिलाई मशीन तू नेलंस याचं मला काही नाही. न सांगता नेलंस, ते लागलं. आता जाऊ दे. एकदा येऊन जा.”

बाईंचे डोळे भरून आले, चार मिनिटं संपली आणि त्या सही करून उठल्या. मेल उघडीच राहिली.

पाठोपाठ सत्तावीस जण बसले. प्रत्येकाने दादाचं पत्र वाचलं आणि सही केली. आपली मेल दुसऱ्याच्या नावाची कशी, अशी शंका कोणालाही आली नाही. परिपत्रकात फक्त ‘तपासावी’ असं म्हटलं होतं. शंभर टक्के उद्दिष्ट साध्य झालं.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी शिवणाच्या बाईंना जिन्यातच गाठलं. “जाऊन या हो. सख्ख्या भावावर किती दिवस रुसायचं?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय? मेल आली ना मला.”

खेळाच्या सरांचं मत वेगळं होतं. न विचारता मशीन उचलणं त्यांना पटलं नव्हतं, आणि हे त्यांनी मैदानावरून ओरडून सांगितलं. आठवडाभरात शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. चहाचे कपही वेगळे झाले.

अखेर मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. “पत्र शाळेच्या संगणकावर आलंय, म्हणजे ती आवक झाली. आवकेला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमचं काय ठरलंय?”

“साहेब, ते घरचं पत्र आहे. मला जरा सुचू द्या.”

“सुचण्यासाठी नियमात वेगळी मुदत नाही, बाई.”

आठव्या दिवशी कार्यालयाने बाईंच्याच मेलवरून उत्तर रवाना केलं: “आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर मशीनबाबत कर्मचाऱ्यांमध्ये दोन मतप्रवाह आहेत. आपणांस भेटण्याबाबतचा निर्णय यथावकाश घेण्यात येईल.”

दादाचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. नेहमीप्रमाणे ते बाईंच्या आधी सगळ्यांनी वाचलं. “पत्र मिळालं. तू स्वतः दोन ओळी खरडल्या असत्यास तरी चाललं असतं. यापुढे तुला त्रास देणार नाही.”

ते पुन्हा पुन्हा वाचताना बाईंची चार मिनिटं उलटून गेली. मागे पुन्हा रांग लागली होती, पण त्या दिवशी कोणी घड्याळाकडे बोट दाखवलं नाही. मग त्या संगणकाच्या सरांकडे गेल्या. “मला चौथा धडा शिकवा.”

“तो झाल्याची नोंद आहे, बाई. झालेला धडा परत कसा घेणार?”

बाई परत आल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. उसवताना दोऱ्याचं टोक हुडकावं तसा त्यांनी पडद्याचा एकेक कोपरा तपासला. आधी पासवर्ड बदलला. तो दोरीच्या वहीत लिहिला नाही. मग एका बोटाने अक्षरं शोधत दादाला पत्र लिहिलं. त्याला बेचाळीस मिनिटं लागली. ते पाठवून, बाहेर पडण्याचं बटण दाबूनच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत हाहाकार उडाला. संगणक प्रत्येकाला त्याचंच नाव विचारू लागला. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “माझी मेल बंद पडली.” खेळाच्या सरांनी लेखी तक्रार दिली, की आपल्याला पत्र येणं अचानक थांबलं आहे. संगणकाच्या सरांनी तपासणी करून यंत्र नादुरुस्त ठरवलं.

बाईंना नोटीस मिळाली: यंत्रात बिघाड का केला, तसेच दादांना काय लिहिले व त्यांचे काय उत्तर आले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

बाईंनी त्याच दुपारी एका ओळीचा खुलासा दिला: “यंत्र ठीक आहे, बाकीचे माझ्या मेलमध्ये आहे.” सोबत दोन दिवसांच्या रजेचा अर्ज जोडला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ एवढंच लिहिलं.

रजेवरून त्या परतल्या तेव्हा शिवणाच्या तासाला गुणगुणत होत्या, असं शेजारच्या वर्गातून कळतं. याहून जास्त माहिती उपलब्ध नाही. सत्तावीस जण अजूनही रोज नाव विचारणाऱ्या पडद्यासमोर चार मिनिटं बसतात, हळहळतात आणि सही करून उठतात.

दादाने शेवटी काय लिहिलं, हे तुम्हालाही जाणून घ्यायचं असेलच. संकोच नको. बाई रांगेतून बाहेर पडल्यामुळे एक जागा रिकामी आहे. सही तेवढी स्वच्छ अक्षरात करा.