गोटीरामचा होतकरू अंगठा

जागृतीच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा मधोमध पुसट होत्या. कडेला त्या नीट वळत, पण मध्यावर येताच विरून जात. लहानपणापासून आईबरोबर खाडीतली कालवं फोडली, की कवचांवर घासून बोटं अशी गुळगुळीत होतात. तिच्या करावे गावात त्याची कुणी दखल घेत नाही. सीबीडी बेलापूरच्या एका करिअर मार्गदर्शन केंद्रात मात्र ही गंभीर बाब ठरली.

केंद्रात बोटांच्या ठशांवरून माणसाचा कल सांगणारं यंत्र होतं. नुकतीच बारावी झालेल्या जागृतीनं अंगठा ठेवला, पुसून पुन्हा ठेवला. यंत्रानं लाल दिवा लावला.

“ठसा नाही,” मुख्य समुपदेशक मितेश सर म्हणाले. “ज्याअर्थी ठसा नाही, त्याअर्थी कल नाही.”

“म्हंजे हिला काय जमनारच नाय?” तिची आई सगुणा घाबरली.

“जमेल ना. पण ते ग्राह्य धरता येणार नाही.”

“सर, मलाच विचारा की,” जागृती म्हणाली. “मला सलूनचा कोर्स करायचाय. गल्लीतल्या सगळ्या पोरींचे केस मीच कापते.”

“ते तुमचं मत झालं, मॅडम. आम्ही शास्त्रीय पद्धतीनं चालतो.”

“आनि आपन चाळीचे मालक हाव,” वडील गोटीराम म्हणाले. “मालकाची पोर भाडेकरूंच्या डोक्यात हात घालनार?”

नियमानुसार मूळ ठसा अनुपलब्ध असल्यास आनुवंशिक ठसा चालतो. सगुणानं तर जन्मभर कालवं फोडलेली. तिच्या बोटांना बोटं मानायलाच यंत्रानं नकार दिला. मग गोटीरामनं अंगठा टेकवला. चाळी भाड्यानं गेल्यापासून त्यानं कशालाच हात लावला नव्हता. ठसा कसा करकरीत उमटला! अहवाल आला: हृदयशस्त्रक्रिया, विमानचालन आणि खगोलभौतिकी, तिन्हींकडे समान व तीव्र कल.

“असा अंगठा बेलापुरात आला नव्हता,” सर हळवे झाले.

“मंग पोरीला यातलं काय घ्यायचं?” सगुणानं विचारलं.

“मुलीला? कल हस्तांतरणीय नाही. प्रवेश ज्याचा कल त्यालाच.”

अशा रीतीनं गोटीराम पन्नाशीत केंद्राच्याच फाउंडेशन बॅचला बसला. घरातला टीव्ही बंद झाला. सगुणा सकाळी भिजवलेले बदाम घेऊन मागे लागे, “अवं, आधी बदाम, मंग मोबाइल.” पाहुणे दारातूनच विचारत, “गोटीरामचा अभ्यास काय म्हनतो?” आणि आत आल्यावर हळू बोलत. जागृती त्याला स्कूटीवरून क्लासला सोडून येई. तिच्या सलूनच्या कोर्सची प्रवेशाची मुदत संपत आली होती. पण त्या घरात एका वेळी एकाच माणसाचं भवितव्य मावत होतं.

पालकसभेच्या दिवशी सगुणा बाजारात होती, म्हणून पालक या नात्यानं जागृती गेली. तिला गादीची खुर्ची मिळाली. विद्यार्थी शेजारी खाली मान घालून उभा राहिला.

“यांचं लक्ष नाही,” सर म्हणाले. “शेवटच्या रांगेत बसून बाक वाजवतात. ठेका चांगला असतो, हे मान्य. पण तो अभ्यासक्रमात नाही.”

“पप्पा, तुला करायचंय तरी काय?”

गोटीरामला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत पुटपुटला, “हळदीत बेंजो वाजवायचाय. पोरवयापासून मनात हाय.”

“आधी शिक्षण पूर्ण कर,” जागृती म्हणाली. “मग छंद म्हणून वाजव.”

मितेश सरांनी समाधानानं मान डोलावली. मागे बसलेल्या पालकांनीही डोलावली. हे वाक्य जागृती कुठे शिकली नव्हती. ते त्या खुर्चीबरोबरच येतं. तशी एक खुर्ची तुमच्या घरीही असेल. बहुधा आत्ता तुम्ही तिच्यातच बसून हे वाचत आहात.

आपलाच आवाज कानावर पडला तशी जागृती चटकन उठली. गोटीराम सवयीनं रिकाम्या खुर्चीकडे सरकला. तिनं ती पायानं मागे ढकलली.

“पप्पा, बसू नको,” ती म्हणाली. “तू बेंजो वाजव. मी केस कापणार. आजच नाव नोंदवते.”