सहादेव मास्तरांची पेंढ्याची सायकल

"उद्या साहेब शाळेच्या पायरीवर पाय ठेवतील, तेव्हा वीस मुलं हात जोडून उभी असतील! नाहीतर मी नावाचा सहादेव नाही!"

राजूरच्या बाजारात, चांदभाईच्या सायकल दुकानासमोर उभं राहून सहादेव मास्तरांनी हे जाहीर केलं. आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकानं 'फुस्स' करून आपलं मत दिलं.

गोष्ट चव्वेचाळीस सालच्या फाल्गुनातली. मास्तरांची शाळा उंबरवाडीला. राजूरपासून सहा मैल, धरणाकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यानं, प्रवरेच्या कडेकडेनं. हजेरीपटावर बावीस मुलं होती, पण फाल्गुनात येत सात. गावाजवळचा चारा संपलेला असायचा, म्हणून बाकीची सगळी गुरांमागं नदीकाठच्या कुरणात. खात्याचं पत्र आलं होतं : तपासणीला वीस मुलं हजर नसतील, तर शाळा बंद.

शाळा बंद झाली असती तर मास्तरांची बदली झाली असती, एवढंच. पण मास्तरांना घोर होता तो बुधीचा. नऊ वर्षांची बुधी स्वतःचं नाव लिहायला शिकत होती. पाटीवर 'बु' झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती म्हशीमागं गेली. बिचारीची 'धी' राहिली होती. अर्ध्या नावानं पोरीनं जन्म कसा काढायचा?

म्हणून बेत असा होता, की पहाटे सायकलवरून निघायचं, कुरणापाशी उतरायचं, एकेकाला गोड बोलून गोळा करायचं आणि आठाच्या आत शाळेत आणायचं. पायी गेलं तर हे जमणार नव्हतं.

"चांदभाई, नवी ट्यूब टाका!"

"रबर लढाईवर गेलंय मास्तर!" चांदभाई हसला. "लढाई संपली की या."

"अहो, साहेब उद्या सकाळी आठाला येतायत!"

"मग पेंढा भरा. हसू नका, लई जण भरत्यात. भाताचा पेंढा घ्यायचा, पाण्यात भिजवायचा, अन् टायरमधी ठासून भरायचा. ट्यूबची आठवण बी येनार न्हाई."

"आणि टायरला ही भोकं आहेत ती?"

"सुतळी गुंडाळा वरनं. पन एक ध्यानात ठेवा." चांदभाईनं पान्याचं टोक मास्तरांच्या नाकासमोर धरलं. "पेंढ्याचं चाक अन् खडीचा रस्ता. मागं वळून बघायचं न्हाई! मागं बघितलं, की मानूस पुढं पडतो!"

घरी आले तेव्हा बायको, गोजरबाई, शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. ओसरीवर बादली भरून ठेवलेली होती. मास्तरांनी तिच्यात पेंढा बुडवला. पाणी जरा दाटसर वाटलं, गोडूस वासही आला. 'फाल्गुनात आडाचं पाणी असंच होतं,' असं म्हणून त्यांनी दोन्ही चाकं ठासून भरली. सायकल अशी गुबगुबीत दिसू लागली, जशी दिवाळीला माहेरी राहून आलेली लेक!

पहाटे मास्तर निघाले.

आणि काय ती वाट! प्रवरेवर धुकं असं अंथरलेलं, की खाली नदी आहे ते नुसतं कानांना कळावं. डोंगराच्या कडा त्या धुक्यात गलबतांसारख्या तरंगत होत्या. पानगळ झालेल्या रानात पळस तेवढा पेटलेला. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, आंब्याचा मोहर घमघमत होता. एरवी ही सायकल खडीवर अशी दणके द्यायची, की मास्तरांना सगळे पाढे एकदम आठवायचे. आज पेंढ्याच्या चाकांवर ती गादीवरून जावी तशी चालली होती. कर्रर्र, कर्रर्र, एवढाच काय तो खडीचा आवाज.

आता मास्तरांची एक सवय सांगायला हवी. रोज या वाटेवर ते एकच स्वप्न बघत. आपण शाळेकडे चाललो आहोत आणि मागून मुलं धावत येताहेत. एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी! 'मास्तर, थांबा! मास्तर, आमी येतोय!' असं ओरडत.

त्या दिवशी स्वप्न फारच छान लागलं. रस्ता उताराला लागला आणि मागून घंटा ऐकू आल्या. किणकिण, किणकिण. जणू आभाळात कुणी शाळा भरवत होतं. मग हाका आल्या.

"मास्तर, थांबा!"

मास्तर गालातल्या गालात हसले.

"ओ मास्तर! थांबा की वो!"

"अहाहा!" मास्तर स्वतःशी म्हणाले. "आज तर आवाजसुद्धा स्पष्ट येतोय!"

मागं बघावंसं वाटलं, पण चांदभाईचा पाना नाकासमोर आला. मास्तरांनी मान ताठ धरली. रान मागं गेलं, ओढा मागं गेला. मोहराच्या वासात मास्तर असे तरंगत उंबरवाडीला पोहोचले, सायकल शाळेच्या भिंतीला टेकवली, पायरी चढले, आणि एकदम कपाळावर हात मारला.

कुरण! कुरणापाशी उतरायचंच राहिलं! मुलांना बोलवायचंच राहिलं!

वर्गात नेहमीची सात मुलं. समोरून, धरणाच्या बंगल्याकडून, काळी टोपी आणि लांब कोट घातलेले साहेब छत्री टेकत येत होते. बुधीची 'धी' गेली ती गेलीच!

तेवढ्यात मागून धुळीचा लोट आला. त्या लोटातून आधी शिंगं निघाली, मग घंटा, मग तीसेक गाई-म्हशी. आणि त्यांच्यामागं, काठ्या उगारून, धापा टाकत, पंधरा मुलं!

"मास्तर!" पुढं बुधी होती, रागानं लाल. "आमच्या गुरांना काय करनी केली? कुरन सोडून तुमच्या चाकामागं पळत सुटली! हाका मारून मारून माजा घसा फुटला!"

मास्तरांनी सायकलकडे पाहिलं. टायरच्या भोकांतून पेंढा लोंबत होता, आणि सहा मैलांच्या रस्त्यावर त्याचे झुबके जेवणावळीसारखे वाढले गेले होते. बुधीची म्हैस, भिवरी, मागच्या चाकाला तोंड लावूनही मोकळी झाली होती.

"बुधे," मास्तर घाईनं म्हणाले, "गुरं आता हलायची नाहीत. तोवर बसा की आत सावलीला!"

पोरं दमली होती. बसली. साहेब आत आले. मास्तरांनी नमस्कार केला.

"एक... दोन..." साहेबांनी छत्रीच्या टोकानं मोजलं. "बावीस! फाल्गुनात? अहो, या भागात फाल्गुनात मला भिंती मोजाव्या लागतात! केलंत काय तुम्ही?"

"मुलांना... गोडी लावली, साहेब."

बाहेरून मचमच आवाज आला.

"हा कसला आवाज?"

"पाठांतर, साहेब. मनातल्या मनात करतात."

मास्तरांची नजर खिडकीबाहेर गेली. मागचं टायर सापाच्या कातेसारखं रिकामं लोंबत होतं! दोन गाई तर परत फिरायच्या बेतात. गुरं निघाली की पोरं निघणार, आणि साहेबांनी अजून शेरा लिहायला दौतसुद्धा उघडली नव्हती. त्यांना परीक्षा घ्यायची होती!

"ए मुली, पाटीवर तुझं नाव लिही बरं."

बुधी उभी राहिली. एक डोळा पाटीवर, एक खिडकीबाहेर. तिनं 'बु' काढला आणि थांबली. "मास्तर, भिवरी चालली!"

"चालली नाही, चालली नाही!" मास्तर दाराकडे धावले. "साहेब, आलोच! फळ्याचं फडकं वाळत घातलंय!"

बाहेर जाऊन त्यांनी क्षणभर पुढच्या चाकाकडे पाहिलं. अकरा वर्षांची सायकल. घरी जायचे सहा मैल. मग डोळे मिटले, सुतळी सोडली, टायर ओढून काढलं आणि सगळा पेंढा गुरांपुढं ओतला. भिवरी मागं फिरली. मास्तर हात झटकत आत आले आणि बुधीच्या कानाशी वाकले. "आठवतोय ना 'ध'? लिही सावकाश. पेंढा भरपूर आहे, घाई नाही."

बुधीनं जीभ बाहेर काढून 'ध' काढला. पोट जरा जास्तच सुटलेला. मग त्याला वेलांटी. आपलं आख्खं नाव पाहून ती अशी हरखली, की भिवरीला पुरती विसरली.

"उत्तम!" साहेबांनी दौत उघडली आणि सही ठोकली.

तेवढ्यात बाहेर घंटा किणकिणल्या. "गुरं चालली रं!" कोणीतरी ओरडलं आणि पाखरांचा थवा उडावा तशी पंधरा पोरं दारातून गेली. बुधी तर पाटीसकट!

"यांना सुटी कोणी दिली?" साहेब थक्क.

"मधली सुटी, साहेब," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे मुलं वेळेची फार पक्की आहेत."

संध्याकाळी मास्तर घरी निघाले. खांद्यावर सायकल, गळ्यात दोन रिकामी टायरं. डोंगरावर ऊन केशरासारखं सांडलं होतं, नदी चकाकत होती, आणि मास्तरांना खांद्यावरची सायकल पिसासारखी वाटत होती. अर्थात पहिले दोन मैल!

दारात गोजरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, ओसरीवर गाईचं आंबोण भिजत घातलं होतं. पेंड, गूळ, मीठ, सगळं घालून. आज सकाळी बघते तर बादली रिकामी! गाय तेव्हापासून हंबरतेय. कुणी प्यायलं म्हणायचं?"

त्या रात्री मास्तरांनी दूध नसलेला चहा गोड मानून घेतला.

आठ दिवसांनी खात्याचं पत्र आलं. 'आपली अध्यापनपद्धती अनुकरणीय आहे. ती पाहण्यासाठी साहेब येत्या सोमवारी तालुक्यातील सहा शिक्षकांसह येत आहेत.'

मास्तरांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि हळूच स्वयंपाकघरात डोकावले.

"अहो, ऐकलं का? रविवारी जरा जास्त आंबोण भिजवाल का?"

"जास्त कशाला?" गोजरबाई म्हणाल्या. "गाय एकच आहे आपली!"

"हो, गाय एकच आहे," मास्तर डोकं खाजवत म्हणाले. "पण वर्ग मोठा झालाय!"