सेतूमामांचं मूंजूरू

आमच्या नुंगंबाक्कमच्या इमारतीत कुणी नवा माणूस दिसला की सेतूमामा त्याला आधी नाव विचारत नाहीत. "गणपतीचं वाहन कोण?" असं विचारतात. तो बिचारा हसत "उंदीर" म्हणतो आणि अडकतो. लिफ्ट येते, निघून जाते, मामा काही त्याला सोडत नाहीत.

"उंदीर नव्हे! मूंजूरू! तोंड पाहा, तोंड!"

मूंजूरू म्हणजे आपली चिचुंद्री. सोंडेसारखं लांब नाक, मिचमिचे डोळे, भिंतीच्या कडेनं चीं चीं करत पळते आणि वासानं जीव नकोसा करते. इकडचे जुने तमिळ लोक पिळ्ळैयाराचं, म्हणजे गणपतीचं, वाहन तिलाच मानतात. सेतूमामा तंजावरकडचे मराठी. घराणं कैक पिढ्या तिकडचं, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि गणपती तमिळ. मी बँकेच्या बदलीनं नागपूरहून इथं आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या देव्हाऱ्यातला गणपती उचलला, त्याच्या पायाशी निरखून पाहिलं आणि खिन्न होऊन म्हणाले, "नागपुरांत अवघे फसलेत, अम्मा."

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला त्यांना आता कुणी बोलवत नाही. एकदा ऐन आरतीत त्यांनी मूर्तीच्या पायाशी टॉर्च मारला आणि "हें तर घूस आहे!" म्हणून जाहीर केलं. टाळ थांबले. नंतर प्रसादाच्या रांगेत कुणी त्यांच्या शेजारी उभं राहिलं नाही.

मामी गेल्यापासून मामा एकटेच असतात. तळमजल्यावर चिचुंद्र्या झाल्या, तेव्हा सोसायटीनं उंदीर धरायचे चिकट पुठ्ठे लावायचं ठरवलं. मामा मीटिंगला बादली घेऊन आले आणि वरचं झाकण काढलं. आत जिवंत मूंजूरू! बायका खुर्च्यांवर चढल्या, दोन इंजिनियरही चढले.

"हें उंदीर नव्हे," मामा शांतपणे म्हणाले. "हें झुरळं खातं. धान्याला तोंड लावत नाही. आणि कुणाचं वाहन, तें तुम्हांस ठाऊक."

सेक्रेटरी सुंदरेसन रोज सकाळी कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयाराला नारळ फोडणारे. त्यांनी बादलीला हात जोडले, गालांवर चापट्या मारून घेतल्या. "शरी, मामा. तुमचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे लागले.

मी ऑफिसला निघाले, तर मामा जिन्यात बसलेले. मांडीवर पुठ्ठा, त्याला चिकटलेलं मूंजूरू, हातात खोबरेल तेलाची वाटी. एकेक पाय बोटानं तेल लावून सोडवत होते. चार पाय सुटले तोवर ते मेलं होतं. मामांनी वर पाहिलं नाही, आणि मला बस गाठायची होती.

त्यानंतर मामा दिसेल तो पुठ्ठा उचलून फेकायला लागले. शेवटी सुंदरेसननी त्यांच्या मुलाला, रघूला, बंगळूरला फोन केला. रघू कधी येत नसे. मामींचं कार्य उरकून गेला, तो या तक्रारीपायी आला. मामा अंघोळीला गेले होते म्हणून त्यानं माझी बेल वाजवली. मी दार उघडलं आणि त्याच्याकडे बघतच राहिले. लांब, पुढं निमुळतं होत गेलेलं नाक. बारीक हनुवटी. मिचमिचे डोळे.

त्याच्या ते लक्षात आलं. सवयीचं असावं.

कॉफी पिता पिता तो म्हणाला, "सहावीत चार पोरं मला मूंजूरू म्हणायची. अप्पांना कळलं, तसे ते शाळेत आले. मास्तरांची परवानगी घेऊन वर्गासमोर भाषण केलं. मूंजूरू किती थोर, त्याचे दात, त्याचं नाक, देवानं त्यालाच का निवडलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खी शाळा मला मूंजूरू म्हणायला लागली. मास्तरसुद्धा. प्रेमानं."

"तुम्ही मामांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? घरी येऊन आईला म्हणत होते, पोराची अब्रू राखून आलों म्हणून." त्यानं पेला खाली ठेवला. "पुढं हॉस्टेल मागून घेतलं. तेव्हापासून बाहेरच."

दुपारी त्यानं सुंदरेसनकडे वडिलांच्या वतीनं माफी मागितली. मामा शेजारी उभे होते. संध्याकाळच्या गाडीनं रघू निघाला. मामा बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले, टॅक्सीचं दार लावलं, काचेवर हात ठेवला. काच वर गेली.

मी बाजारातून परतत होते. मामा तिथंच उभे होते.

"मुलगा काय बोलला, अम्मा? माझ्याविषयी?"

"काही नाही मामा. शाळेतलं सांगत होता."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"त्यास आठवतं? मी वर्गांत भाषण केलों तें? पोरं अवघी हसत होतीं. हा एकटा हसला नाही. मान खालीं घालून शेवटपर्यंत ऐकला. फार लक्ष देऊन." रस्त्यावर टॅक्सी कधीच दिसेनाशी झाली होती, तरी ते तिकडेच बघत होते. "त्यास आवडलं असेल, नव्हे?"

"हो मामा," मी म्हटलं.