एका बादलीला एक झाकण

विज्ञानाने माणसाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे शंका! हे वाक्य श्रीधर पोतनीस गेली एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला म्हणत आले होते, आणि म्हणून झाल्यावर, पोरांच्या डोक्यात ते नीट झिरपावं म्हणून, सावकाश चष्मा पुसत आले होते. दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी ही देणगी गाडी धुवायच्या शाम्पूवर वापरली. बाटलीवर लिहिलं होतं, ‘एका बादलीला एक झाकण.’

“कशावरून?” पोतनीसांनी बाटलीला विचारलं.

बाटली तेव्हा गप्प बसली. पुढच्या तीन तासांत तिने जे उत्तर दिलं, ते उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या त्या अख्ख्या गल्लीने पाहिलं.

आता सणासुदीला सकाळी उठून माणूस गाडीमागे का लागतो, ते आधी सांगायला हवं. उज्जैनच्या मराठी मंडळाची देवी दसऱ्याला संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघते. देवी म्हणजे चांदीचा मुखवटा. तो मांडीवर घेऊन गाडीत मागे बसायची ती अक्का. अक्का म्हणजे पोतनीसांची थोरली बहीण, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं देवीला शालू नेसवणं, नथ घालणं, दृष्ट काढणं, सगळं तिचंच. गाडी मात्र पोतनीसांची. पुढे ढोल, मागे मंडळी, मध्ये पहिल्या गिअरमध्ये पोतनीस, अशी वरात दशहरा मैदानाजवळच्या शमीपर्यंत जायची. नऊ वर्षं हा मान पोतनीसांच्या पांढऱ्या गाडीचा. ‘पांढरी’ हे गाडीच्या कागदपत्रांतलं मत. गाडीला चौदा वर्षं झाली होती आणि प्रत्यक्षात तिचा रंग चहात बुडवून विसरलेल्या टोस्टासारखा झाला होता.

त्यात या वर्षी समोरच्या अरविंद नाफड्यांनी नवी गाडी घेतली. नाफडे रेल्वेतून निवृत्त. गाडीही त्यांनी इंजिनाच्या मापाचीच निवडली. काळी, उंच, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच!

अष्टमीच्या आरतीनंतर मंडळाच्या सेक्रेटरी विजयाताईंनी पोतनीसांना बाजूला घेतलं. “सर, राग मानू नका हं. पण मागच्या वर्षी देवीच्या शालूला तुमच्या गाडीची धूळ लागली. दोनदा ड्रायक्लीन करावा लागला. तर दसऱ्याला दहा वाजता मी येते, दोन्ही गाड्या देख लेते हैं, मग ठरवू. ठीक?”

घरी येताना अक्का एवढंच म्हणाली, “अरविंदची गाडी छान आहे रे. फक्त उंच आहे. माझे गुडघे काही तिथवर जायचे नाहीत. मुखवटा कुसुम घेईल मांडीवर. मी आपली गॅलरीतून हात जोडीन.” आणि मग ती पिशवीत सुपारीची डबी शोधायला लागली. सुपारी सोडून तिला दोन वर्षं झाली होती.

अक्का आत गेल्यावर पोतनीस अंगणात गाडीभोवती फिरत राहिले.

“विजयाताईंना सरळ सांगा ना,” त्यांची बायको कुसुम म्हणाली. “अक्कांना त्या गाडीत चढवत नाही म्हणून. दोन मिनिटांचं काम.”

“बहिणीचे गुडघे पुढे करून मान मागू? छे! मान गाडीने मिळवायचा. गुणवत्तेवर!”

“कुठल्या गाडीच्या? आपल्या?”

“तू बघच!”

म्हणून बाटली आली. आणि बाटली आली म्हणून प्रयोग आला. एखादा साधा माणूस एका बादलीत एक झाकण टाकून मोकळा झाला असता. पोतनीसांनी गाडीचे भाग पाडले. बॉनेटला अर्धं झाकण, डाव्या दारांना एक, उजव्या दारांना दोन, डिकीला चार. टपाला तुलनेसाठी नुसतं पाणी. प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून आकडा घातला. वहीत रकाने पाडले: फेस, चकाकी, शेरा. बादलीतलं पाणी लिटरच्या मापाने मोजून ओतलं. मग त्यांना वाटलं, बॉनेट धुतोच आहोत तर आतल्या इंजिनाने तरी काय पाप केलंय? उरलेला शाम्पू तिथेही गेला.

हे सगळं शास्त्रशुद्ध होईपर्यंत साडेसात झाले. उज्जैनला नळ एक दिवसाआड येतो. आज नळाचा दिवस होता. नळ साडेसहाला आला होता आणि साडेसातला, वक्तशीर सरकारी नोकरासारखा, निघून गेला. गाडी तेव्हा पूर्ण फेसात होती. पोतनीसांनी पाइप उचलला, नेम धरला. पाइप म्हणाला, फुस्स!

फेस मात्र थांबला नव्हता. बॉनेटवर तो दुधावरच्या सायीइतका होता, तिथवर ठीक. उजव्या दारांवर तो हातभर फुगला होता. आणि चार झाकणांची डिकी? गणपतीत पोरं कापसाचा हिमालय करतात, तो डिकीवर उभा होता! आणि बघता बघता तो हिमालय खचला आणि उताराने समोर चालू लागला. समोर नाफड्यांचं फाटक. फाटकापुढे रांगोळीचा मोर.

“सर! अहो सर!” नाफडे बनियनवरच बाहेर धावले. “माझा मोर! बायको पहाटे पाचपासून वाकून काढत होती हो! देखो, देखो, उसकी गर्दन गई!”

“अरविंदराव, जरा थांबा. प्रयोग चालू आहे. अजून निष्कर्ष निघालेला नाही.”

“निष्कर्ष माझ्या फाटकात घुसलाय!”

मोराची मान गेली, मग पिसारा गेला. शेवटी निळ्या-हिरव्या फेसातून त्याचा एक डोळा तेवढा पोतनीसांकडे बघत गटाराकडे वाहत गेला. नाफडे धाडकन फाटक लावून आत निघून गेले. ऊन चढायला लागलं आणि गाडीवरचा फेस कडेकडेने वाळून पापडासारखा कडक व्हायला लागला.

घरात पाणी होतं, नव्हतं असं नाही. गच्चीवर टाकी भरलेली होती. पण दोन दिवस ती एकच टाकी, आणि तिच्याबद्दल कुसुमने आदल्या दिवशीच बजावलं होतं, “टाकीला हात लावाल तर याद राखा! पुरण शिजायचंय, अक्कांची आंघोळ व्हायचीय, माझं न्हाणं व्हायचंय.” पोतनीसांनी हिशेब केला. पुरण शिजलं होतं. अक्काची आंघोळ झाली होती. म्हणजे टाकी आता मोकळी! तिसरी बाब त्यांच्या लक्षात राहिली नाही. मोठमोठ्या प्रयोगांत अशी एखादी बाब निसटतेच.

त्यांनी अंगणातला टाकीचा कॉक उघडून पाइप जोडला. पाणी आलं! डिकी धुतली. उजवं मागचं दार धुतलं. पुढच्या दारावर पाणी घेतलं आणि धार सुतासारखी झाली. मग थेंब. मग पाइप पुन्हा म्हणाला, फुस्स.

“अहोऽऽऽ!” न्हाणीघरातून आवाज आला. “पाणी गेलंऽऽ!”

त्या घटकेला पोतनीसांच्या घरात दोन फेस होते. एक बाहेर गाडीवर, दुसरा आत कुसुमच्या डोक्यावर. बाहेरचा निदान बोलत नव्हता.

“टाकी रिकामी कशी झाली? पंचवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नाही!”

“होतं असं कधीकधी,” पोतनीस दाराशी तोंड नेऊन म्हणाले. “पृष्ठताण कमी झाला की...”

“तुमचा ताण वाढवते आता! थांबा, येते बाहेर!”

कुसुम डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली. कानामागून फेसाचा एक ओघळ खाली उतरत होता. तिने गाडी पाहिली. नवऱ्याच्या हातातला पाइप पाहिला. त्यांच्या खिशातून डोकावणारी वही पाहिली. नवरा पाहिला. सव्वानऊ झाले होते.

“नाफड्यांकडे बोरिंग आहे,” ती म्हणाली.

“कुसुम, आजच्या दिवशी मी त्यांच्याकडे पाणी मागणार नाही. ते प्रतिस्पर्धी आहेत!”

“तुम्हाला कुणी माग म्हटलंय?”

आणि ती तशीच, पंचासकट, समोर गेली. फाटकात नाफडे उरलेली रांगोळी खराट्याने गोळा करत होते. काय बोलणं झालं ते पोतनीसांना ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. कुसुमने वर गॅलरीतल्या अक्काकडे बोट केलं. मग स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग नाफड्यांच्या गाडीचं उंच पायदान दाखवलं. मग पोतनीसांकडे बोट करून ते बोट स्वतःच्या कपाळाशी नेऊन गोल फिरवलं. हे शेवटचं त्यांना न ऐकताही कळलं.

पाच मिनिटांनी नाफडे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हिरवा लांबलचक पाइप ओढत आले.

“सर, एक बोलू? इतकी पढाई केलीत, इतकी पोरं शिकवलीत, आणि एक वाक्य तोंडातून निघत नाही? ‘अरविंद, अक्कांना तुझ्या गाडीत चढता येत नाही.’ बस! इतनी सी बात थी. मी स्वतः विजयाताईंना नाही म्हटलं असतं.”

“नाही, म्हणजे... मला ते गुणवत्तेवर...”

“गुणवत्ता ठेवा तिकडे, बादली पकडा. पहले वहिनी, फिर गाडी!”

दोन बादल्या न्हाणीघरात गेल्या. मग प्रतिस्पर्ध्याने पोतनीसांची गाडी धुवायला घेतली. आणि काय धुतली! रेल्वेत चाळीस वर्षं डबे धुऊन घेतलेला माणूस, चाकाच्या आतली माती नखाने काढत होता. पोतनीस मागे मागे पाइपाची गुंडाळी सोडवत होते. मध्येच ते पुटपुटले, “मोराचं वाईट वाटलं हो.”

“मला नाही वाटलं,” नाफडे आवाज खाली आणून म्हणाले. “खरं सांगू? तो बदकासारखा झाला होता. घरात बोलू नका.”

पावणेदहाला शेवटचा फेस गेला आणि निष्कर्ष निघाला. गाडी एका रंगाची राहिली नव्हती! टप टोस्टासारखंच होतं. बॉनेट मलईसारखं. डावी बाजू वरईच्या भातासारखी, उजवी खडूसारखी, आणि चार झाकणांची डिकी इतकी लख्ख पांढरी, की तिच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. चारही बाजूंनी बघितलं तर चार गाड्या दिसत होत्या. भरीला बॉनेटच्या मध्यावर एक स्वस्तिक होतं. अक्का दर दसऱ्याला तिथेच कुंकवाचं स्वस्तिक काढायची आणि वर्षभर कुणाला पुसू द्यायची नाही. आता कुंकू गेलं होतं, पण कुंकवाखालचा रंग शोरूममधून आला तसाच कोरा राहिला होता.

“श्रीधरा,” अक्का गॅलरीतून वाकून म्हणाली, “ही आपलीच गाडी ना रे?”

तेवढ्यात विजयाताई आल्या. भिजलेले नाफडे, भिजलेले पोतनीस, केस पुसत उभी कुसुम, सगळं त्यांनी पाहून घेतलं. मग गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग, विश्वास बसेना म्हणून, उलटी दुसरी.

“सर, ये क्या है?”

“चार निरनिराळ्या प्रमाणांचे परिणाम आहेत,” पोतनीस म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “अर्ध्यापासून चारपर्यंत.”

“आणि हे स्वस्तिक कसं काढलंत?”

“काढलं नाही. उरलं.”

विजयाताईंनी सीटवरून बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं. धूळ नव्हती. त्या समोर वळल्या. “आता अरविंदजींची बघते.”

“माझी काय बघता!” नाफडे घाईघाईने आडवे आले. “तिचं प्लास्टिक कुठे निघालंय अजून? देवीला घाम येईल! सरांचीच न्या. इतकी मेहनत केलीय. आम्ही दोघांनी.”

विजयाताई एकदा नाफड्यांकडे, एकदा गॅलरीकडे बघून हसल्या. त्या मंडळात वीस वर्षं सेक्रेटरी उगाच नव्हत्या. “ठीक आहे. मान पोतनीसांच्या गाडीचा. फक्त मिरवणुकीत लोकांना एकाच बाजूने बघायला सांगू.”

अक्का गॅलरीतून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. हिरवी नऊवारी कडक इस्त्रीची होती, म्हणजे ती आधीच तयार ठेवलेली होती.

संध्याकाळी पाचला मंडळाच्या हॉलपुढे ढोल लागला. हॉल त्याच गल्लीच्या तोंडाशी. अक्का मुखवटा छातीशी धरून पायरीवर उभी राहिली. इकडे घरापुढे पोतनीसांनी दिमाखात किल्ली फिरवली. गाडीने काही आवाज केला नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा बॉनेटच्या फटीतून एक नाजूक बुडबुडा वर आला, उन्हात सात रंगांचा झाला आणि फुटला.

सगळे तो बघत राहिले.

“इंजिनालाही लावलं होतंत?” कुसुमने हळूच विचारलं.

पोतनीसांनी खिशातून डोकावणारी वही आणखी आत ढकलली.

नाफड्यांनी चार जण जमवून गाडी हॉलपर्यंत ढकलली. एकजण म्हणाला, मैदानापर्यंत अशीच ढकलू. “नको रे बाबांनो,” अक्का म्हणाली, “सीमोल्लंघनाला देवीला काय ढकलत न्यायचं? मी जाते घरी.” आणि ती मुखवटा कुसुमकडे द्यायला वळली.

तोवर विजयाताई रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभ्या होत्या. रामघाटावर यात्रेकरू सोडून परत येणारी एक ई-रिक्षा करकचून थांबली. तिची पायरी जमिनीपासून वीतभरच होती. अक्काने पदर खोचला, पाय उचलला आणि चढली. कुणाचा हात लागला नाही. बसून तिने मुखवटा मांडीवर नीट टेकवला, नथ सरळ केली, आणि समोरच्या सीटवर थाप मारली. “ये, श्रीधरा. बस इथे.”

पोतनीस समोर उलट्या तोंडाने बसले. नऊ वर्षं त्यांनी अक्काला या मिरवणुकीत फक्त आरशातून, तेही गिअर सांभाळत पाहिलं होतं. ती वाटभर हसत असते, हे त्यांना आज कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसला.

विजयाताईंना मात्र शालू आठवला. त्यांनी सीटवर बोट फिरवलं आणि ते बोट कुणालाच दाखवलं नाही.

“भैया, गाडी धोते हो कि नहीं?”

“धुली हुई है, दीदी,” रिक्षावाला म्हणाला. “बारिश में धुली थी.”

पाऊस जाऊन पाच आठवडे झाले होते.