शंभराच्या खाली न चालणारा हात

आमच्या अड्याळात बस बंद पडली की प्रवासी कपाळाला हात लावत, आणि माझे शेजारी गणपतभाऊ टाळी वाजवत. "चला, पन्नास पानं तं झाली!" म्हणत ते अख्खी गाडी घरी जेवायला आणत. पुढे पुढे तर एका ड्रायव्हरची गाडी नेमकी भाऊंच्या दारासमोरच बंद पडू लागली.

भाऊ लग्नांतले आचारी. पंचक्रोशीतली अर्धी लग्नं त्यांच्या वांग्याच्या भाजीवर आणि लाखोरीच्या डाळीच्या वड्यांवर पार पडलेली. पण एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास नागपूरचे आचारी येऊ लागले, टेबल-खुर्च्या आल्या आणि भाऊंना कोणी बोलावेना. बायको आधीच गेलेली, पोरगी बालाघाटला नांदत होती. घरात माणूस एक, आणि चुलीवरचा भाताचा गंज एवढा की त्यात ते स्वतः मांडी घालून बसले असते!

"भाऊ, थोडं रांधा ना जी," मी वैतागायचो.

"शंभराच्या खाली माहा हातच चालत नाही गा! आता उरलं तं फेकू का? चाल, बस पंगतीले."

पंगत म्हणजे मी, पोस्टमन आणि कोणाचा तरी जावई. तरी भाऊ खांद्यावर पंचा टाकून "वरण घ्या, वरण!" असं ओरडत अंगणभर फिरत. नको म्हणायची सोय नाही. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढत. माझी बायको म्हणे, "तुमचं पोट हाय का भाऊची कोठी?"

एकदा सारी गल्ली लग्नाला सिहोऱ्याला गेली, मागे भाऊ राहिले. माझं पोट बिघडलेलं, कोणामुळे ते सांगायला नको, म्हणून मी घरीच. दुपारी ताक मागायला भाऊंकडे गेलो. पाहतो तर काय! चुलीवर एवढंसं भगोनं, आणि त्यात मूठभर भात. बरोब्बर एका माणसाचा.

"भाऊ! हा हात कवा लहान झाला जी?"

भाऊंनी पटकन भगोन्यावर झाकण ठेवलं. "हळू बोल, बाप्पा. कोणाले सांगू नको. मले एकट्यापुरतं रांधता येते हे कळलं, तं कोण येईन माह्या घरी?"

पोट गुडगुडत होतं, तरी ते भगोनं मीच खाली उतरवलं. "एवढ्याशानं माहं काय होते जी? टाका मोठा गंज!"

भाऊंनी पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्या एकट्यासमोर उभे राहून ओरडले, "बसा मंडळी, बसा!"