बाराव्या बाणाचे बारा पट्टे

विंग कमांडर नंदकुमार यांच्या घरात नंबर न घातलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांची बायको रागिणी. तेही त्यांची छाती होत नव्हती म्हणून. हवाई दलाच्या भांडारात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. घरात वाट्यांच्या बुडाला नंबर, उशांच्या अभ्र्यांना नंबर, लोणच्याच्या बरण्यांना नंबर. गेल्या गणपतीनंतर सहा नंबरची वाटी सापडेना, तर या गृहस्थांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीने, ज्ञानदाने, आपले बारा बाण सोपवावेत, हीच मुळात चूक. पण पोरीला घाई होती. उद्या चंडीगढच्या तिरंदाजी संघाची निवड. गेल्या वर्षी एका गुणाने हुकली आणि आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडली होती. त्यात परवा सरावात तिचे बाण दुसऱ्या मुलीच्या बाणांत मिसळले.

"बाबा, पिसांच्या खाली निळे पट्टे रंगवून ठेवा ना! मैं जुने बाण लेकर प्रॅक्टिस को जा रही हूँ. पाच बजेपर्यंत पक्का!"

"अगं, पण किती..." असं नंदकुमार म्हणेपर्यंत सायकल फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

त्यांनी इंडस्ट्रियल एरियातून रंग आणला, बारीक कुंचला आणला. पट्टा सरळ यायचा तर बाण सावकाश फिरत राहायला हवा. विचार करता करता नजर माळ्यावर गेली. गणपतीच्या मागे फिरणारं चक्र तिथे खोक्यात होतं.

"अहो, बाप्पाचं आहे ते!" रागिणी म्हणाली.

"बाप्पा भाद्रपदात येणार. तोवर मोटर रिकामीच बसलीय."

सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरून त्यांनी बाण मोटरला जोडला आणि बटण दाबलं. बाण झकास फिरू लागला. त्याबरोबर खणखणीत आवाजात आरतीही सुरू झाली. मोटर आणि आरती एकाच वायरीवर होती. आरती बंद केली की बाण थांबे. नंदकुमारांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग देवाचं नाव घेत कुंचला टेकवला.

मे महिन्याच्या भर दुपारी आरती ऐकून वरच्या मजल्यावरच्या सोहल आंटी डोक्यावर दुपट्टा घेऊन हजर झाल्या. दोन वर्षं या घरचे मोदक त्यांनी खाल्ले होते.

"नंदकुमार जी, इस बार गणपति जी मई में आ गए?"

"नहीं जी, वो... तीर..."

आंटींनी वर्तमानपत्रावर मांडलेले बाण पाहिले, गरगर फिरणारा बाण पाहिला, आणि हात जोडले. "समझ गई! कल कुड़ी का ट्रायल है ना. शस्त्रपूजा!"

त्यांनी चार फोन केले. अर्ध्या तासात सात बायका झेंडूची फुलं घेऊन आल्या. आलेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून रागिणी दात-ओठ खात शिरा भाजायला लागली. "बड़ी प्यारी धुन है जी," म्हणत आंटींनी ती मोबाइलमध्ये भरून घेतली. "मैं तो रिंगटोन बनाऊँगी."

पाचाला ज्ञानदा आली. नंदकुमारांनी छाती काढून बाण दाखवले. पहिल्या बाणावर एक पट्टा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, असं करत बाराव्यावर बारा.

"आता कुठला बाण कुठे लागला, एका नजरेत कळेल! आहे की नाही?"

ज्ञानदा मटकन खाली बसली. "बाबा, ये क्या किया? सगळे बाण सेम पाहिजेत! रूल है. एक पट्टा जरी वेगळा असला तरी बाण बाद!"

"थिनरने पुसू?"

"कार्बनचे बाण खराब हो जाएँगे ना!"

नंदकुमारांच्या हातातला कुंचला गळून पडला. गेल्या वर्षी एका गुणाने हुकलेली पोर यंदा बापाच्या हुशारीने हुकणार, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रागिणीचा आवाज आला. "कमी करता येत नाहीत ना? मग वाढवा! सगळ्यांवर बारा-बारा."

भांडारातला माणूस जागा झाला. "सहासष्ट पट्टे बाकी," ते क्षणात म्हणाले.

तिघंही मांडी ठोकून बसली. सहासष्ट पट्टे आणि तीन तास अखंड आरती. दहाव्या आरतीला ज्ञानदाने कानात कापूस घातला. पंचविसाव्या आरतीला तो काढला. चाळिसाव्या आरतीला तिला ती ऐकूच येईनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पंचांनी बाण उलटसुलट करून पाहिले. "इतने पट्टे?"

"जी, बारह. सबमें."

पंचांनी मोजले, दोनदा मोजले आणि मान हलवली.

शेवटची फेरी. बाकीच्या मुलींचे बाण मारून झाले होते. ज्ञानदाचा एक बाण उरला होता आणि संघात यायला नऊ गुण हवे होते. मैदान चिडीचूप. तिने दोरी ओढली, हनुवटीला टेकवली.

आणि सोहल आंटींच्या पर्समधून खणखणीत आरती सुरू झाली.

प्रशिक्षक गुरमेल सरांनी कपाळाला हात लावला. आंटी पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून फोन शोधू लागल्या. नंदकुमारांचे हात सवयीने टाळ्या वाजवायला उठले, ते रागिणीने घट्ट धरून ठेवले. ज्ञानदाची पापणीसुद्धा लवली नाही. बाण सुटला आणि पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध जाऊन रुतला. दहा!

सगळा गोंधळ संपल्यावर, ज्ञानदाकडून आरतीची हकीकत ऐकून गुरमेल सर नंदकुमारांजवळ आले. "सर जी, नॅशनल में शोर बहुत होता है. बच्चों की प्रॅक्टिस के लिए वो मशीन मिलेगी?"

"मिलेगी. लेकिन गणपति से पहले वापस चाहिए."

घरी येऊन ते चक्र खोक्यात ठेवू लागले, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. सहा नंबरची वाटी! गेल्या वर्षी प्रसादाला नेली होती, तेव्हापासून तिथेच होती. मैदानावर दिवसभर ताठ उभे राहिलेले नंदकुमार वाटी छातीशी धरून मुळुमुळु रडू लागले.

"अहो, वाटीसाठी रडताय?" रागिणीने विचारलं.

त्यांनी आत धनुष्य पुसत बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि नाक ओढलं.

"हो," ते म्हणाले, "वाटीसाठीच."